माळवदावरची माती

माळवदाचं घर एकदा बांधून संपत नाही. दर उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावरची माती उकरावी लागते, चाळावी लागते, पुन्हा पसरून तुडवावी लागते. आमच्या परंड्याच्या घरात हे काम सोनारीच्या काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा उरकली की सुरू व्हायचं आणि मृग निघायच्या आत संपायचं. माझा जन्म त्या घरातला. पुढे सगळी नोकरी बार्शीला शिक्षिका म्हणून झाली, पण मे महिन्यात परंड्याला गेले नाही असं कधी झालं नाही. वडिलांमागे ते घर कुणी बघायचं हा प्रश्न आला तेव्हा मी ते अंगावर घेतलं. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जुनं घर राखायचं म्हणजे लाकूड आणि दगड जपायचे, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात दरवर्षीचं एक काम जपायचं असतं आणि ते काम येणारी माणसं जपायची असतात. ती गेली की घर चार पावसाळ्यांत खाली बसतं.

आधी घर सांगते. दिंडी दरवाजातून आत आलं की ढाळज, तिच्या दोन्ही अंगांना बसायचे कट्टे. पुढे चौक, चौकाला तिन्ही बाजूंनी सोपा, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. भिंती अडीच हात रुंद, काळ्या दगडाच्या, मातीत बसवलेल्या. माजघराच्या भिंतीत बळद आहे, त्यात ज्वारी वरून ओतायची आणि खालच्या तोंडातून काढायची. भिंतीभर देवळ्या. खोल्यांत उजेड येतो तो माळवदातल्या सवण्यांतून. पाऊस आला की त्यावर पत्र्याचं झाकण सरकवायचं, हे घरातल्या लहान पोरांचं काम. आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो, कारण तेवढ्या निमित्तानं पावसात वर जाता यायचं.

या घराचं वय सांगणारा कागद नाही. एका पत्र्याच्या पेटीत मोडी आणि उर्दू कागद आहेत, पण ते शेताचे आणि देण्याघेण्याचे. घराबद्दल माझे आजोबा, म्हणजे आबा, एवढंच म्हणायचे, "माझ्या आज्यानं बांधलं." तरी घर स्वतः बरंच सांगतं. पुढच्या सोप्याचे खांब बाभळीचे आणि लिंबाचे आहेत, म्हणजे इथल्याच रानातले, थोडे वाकडे, वाकसाने तासलेले. मागच्या सोप्याचे खांब सागाचे, सरळ, एकसारखे. परंड्याच्या रानात असा साग होत नाही. तो बार्शीच्या वखारीतून बैलगाडीनं आणला, असं आबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत आली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती उभारली. म्हणजे मागचा सोपा त्यानंतरचा. पुढचा त्याच्या आधीचा. एका घरात दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत आणि ते ओळखायला खांबावर हात फिरवला तरी पुरतं.

परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मधे सरहद्द, करोडगिरीचे नाके, इकडचं नाणं हाली सिक्का, तिकडचं कलदार. आमची सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं बार्शीला. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीनं सरहद्दीलगतची बरीच कुटुंबं बार्शी भागात गेली, त्यांत आमचंही होतं. आजी सांगायची की त्या वर्षी उन्हाळ्यात माळवदावर माती पडलीच नाही. सगळा पावसाळा घर बंद. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली, त्यानंतर काही दिवसांनी माणसं परत आली तेव्हा माळवदावर गुडघाभर गवत होतं आणि पश्चिमेकडचा एक खण खाली आलेला होता. त्या खणाची तुळई आजही वेगळी दिसते. तिच्यावर नक्षी नाही, रंगही फिका. आमच्या घरात हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाची खूण म्हणाल तर ती तुळई आहे.

आता माळवदाकडे येते, कारण सगळा जीव तिथे आहे. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा. खांबावर आडवी तुळई. तुळयांवर सर टाकलेले. सरांवर किलचण, म्हणजे लाकडाच्या फोडलेल्या चिपा, एकीला एक चिकटून. त्यावर निरगुडीचा आणि कडुलिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. पाल्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढं हे आमच्याकडे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत.

वरची माती पांढरीच हवी. शेतातली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं इतकी फाटते की भेगेत मनगट जाईल. ती माळवदावर टाकली तर पहिल्याच वळवाला घरात धार लागते. पांढरी माती तशी हलत नाही. ती मिळते जुन्या गावठाणात, पडक्या गढ्यांच्या ढिगाऱ्यात. शेकडो वर्षांच्या भिंती, राख, शेण, भुसा, चुना कुजून आणि दबून ती तयार होते. तिच्यात खार असतो, म्हणून गवतही कमी येतं. पाऊस पडला की ती वरच्या वर मिटते आणि पाणी उतारानं पन्हाळीकडे जातं. म्हणजे आमच्या डोक्यावरची माती ही कुणाच्या तरी पडलेल्या घरांचीच माती आहे. मला हे नीट कळलं ते तेरला गेल्यावर. तेर आमच्याच जिल्ह्यातलं, प्राचीन तगर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचं नाव आहे ते. तिथल्या पांढरीत लोक माती उकरत, आणि मातीबरोबर मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरला आहे. त्या कपाटांसमोर उभी राहिले तेव्हा मला आमचं माळवद आठवलं. आमच्या मातीतही लहानपणी काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि खापऱ्या सापडायच्या. आम्ही त्यांनी ठिकऱ्या खेळायचो.

काम असं चालायचं. दोन गडी पाठीमागच्या शिडीनं वर चढत आणि वरचा वीतभर थर खोऱ्यानं मोकळा करत. खडे, मुळ्या, उंदरांची बिळं साफ व्हायची. मग पाणी शिंपून ती माती तुडवायची, लाकडी चोपण्यानं ठोकायची आणि उतार पुन्हा पन्हाळीकडे धरायचा. आई आणि काकू खालून पाणी द्यायच्या. हे झालं की माळवद आमचं. कुरडया, पापड, शेवया, मिरच्या सगळं तिथे वाळायचं, आणि रात्री अंथरुणं. शेजारची माळवदं एकमेकांना लागून असल्यामुळे आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका वरच्या वर ये-जा करायच्या. विरजण, वर्तमान, भांडण, सगळं वरून जायचं.

माळवदावरून परंड्याचा किल्ला दिसतो. त्याचं नाव महमूद गावानशी जोडलेलं आहे, म्हणजे बहमनी काळ. १६०० साली अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं ते परंड्याला, आणि काही वर्षं हे गाव एका राज्याची राजधानी होतं. १५४९ साली नगरला ओतलेली मुलूख मैदान तोफ इथेच होती, ती १६३२ मध्ये मुरार जगदेवानं विजापूरला नेली. १६३४ मध्ये शहाजहानच्या फौजेनं वेढा घातला आणि तो फसला, १६६० मध्ये औरंगजेबाच्या काळात किल्ला अखेर मोगलांना मिळाला. येणारे-जाणारे किल्ल्याची नोंद करून गेले. किल्ल्याभोवती राहणाऱ्यांच्या घरांची नोंद कुणी केलेली मला कुठे वाचायला मिळाली नाही. किल्ल्याचा दगड चुन्यात बसलेला, त्यामुळे तो माणसांवाचूनही उभा राहिला, आणि आता त्याची काळजी पुरातत्त्व खात्याकडे आहे. आमची घरं मातीत बसलेली. त्यांना रोज माणूस लागतं.

माणसाच्या राबत्यानं काय टिकतं याचं आमच्या तालुक्यातलं मोठं उदाहरण डोमगावचं. सीनेकाठच्या या गावी कल्याणस्वामींचा मठ आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत मठानं पिढ्यान् पिढ्या सांभाळली आणि तिच्यावरून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली दासबोध छापला. दोनशेहून अधिक वर्षं तो कागद वाळवीपासून आणि ओलीपासून वाचला, तो तिथे रोज दिवा लावणारं कुणीतरी होतं म्हणून. परंड्यात एकोणिसाव्या शतकातल्या हंसराज स्वामींचा मठ आहे. तिथेही हेच.

मग ३० सप्टेंबर १९९३ आला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि आमचा जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी परंड्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तरी आमच्याकडे भांडी वाजली आणि माणसं चौकात आली. सकाळी बातम्या यायला लागल्या. आमच्या घरासारखीच घरं होती ती. तशाच भिंती, तसंच माळवद. त्यानंतर किती तरी महिने माझी आई माजघरात झोपली नाही.

त्या एका पहाटेनंतर मराठवाड्यात माळवद म्हणजे मरण, असं होऊन गेलं. ज्यांची घरं धड होती त्यांनीही ती उतरवली, लाकूड विकलं, स्लॅब टाकला. माणसांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यापुढे मी कुणाला दोष देऊ शकत नाही. पण भूकंपात नेमकं काय पडलं हे समजून घेणं मला गरजेचं वाटलं, कारण मला त्याच छपराखाली पोरंबाळं झोपवायची होती. अभ्यासकांनी दाखवलं ते असं. दगडी भिंत दोन पदरांची असते, आतला पदर आणि बाहेरचा पदर, मधे खडी-माती. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड घातलेले नसतील तर हादऱ्यानं पदर सुटतात आणि भिंत कोसळते. जिथे छप्पर भिंतींवरच टेकलेलं होतं तिथे ते सगळं खाली आलं. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि सांगाडा उभा राहिला. आणि तिसरं कारण होतं वरच्या मातीचं वजन.

हे तिसरं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. पिढ्यान् पिढ्या गळतीवर उपाय म्हणून माणसं नवी माती टाकत गेली आणि जुनी काढायची राहून गेली. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे जवळपास साडेचार टन. दोन फूट झाली की नऊ टन. आमच्या घरी जुने मिस्त्री येत, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचा एक नियम होता, "जितनी नवी चढवाल तितनी जुनी उतरवा." वडील होते तोवर हा नियम पाळला गेला. नंतरच्या वर्षांत गडी मिळेनात, मग मिळतील ते वरून माती टाकून जायचे. मी दुरुस्ती काढली तेव्हा मागच्या सोप्यावर दीड हात माती निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ती खाली नेली. मोकळ्या झालेल्या तुळया बघून सुतार म्हणाला, "ताई, लाकूड ठणठणीत आहे. ह्यानं एवढं वजन पेललं, तेच नवल."

भूकंपानंतर शासनानं नव्या वस्त्यांबरोबर दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचंही काम हाती घेतलं होतं. त्यातले उपाय साधे आहेत. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरक्या लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या मारायच्या, म्हणजे सांगाडा डोलत नाही. वरची माती कमी करायची. हे तीन उपाय आमच्या घराला मी केले. चौकाच्या बाजूनं त्या तिरक्या पट्ट्या दिसतात आणि डोळ्याला खुपतात, हे खरं. मला त्या दिसल्या की बरं वाटतं.

माळवदावर सिमेंटचा कोबा करा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी नाही केला. कोबा लाकडाबरोबर हलत नाही, त्याला चिरा जातात, चिरेतून शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही आणि तुळईची टोकं भिंतीत आतल्या आत कुजतात. वरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून कळतही नाही. मातीच्या थराखाली प्लास्टिकचा जाड कागद घालायला मात्र मी मान्यता दिली. त्यावरून एका वास्तुप्रेमी माणसानं मला बरंच सुनावलं. माझं म्हणणं असं की आमच्या आज्यांनीही बार्शीची रेल्वे आली तेव्हा बाभळीचा हट्ट सोडून साग आणला.

त्या प्लास्टिकच्या कागदाचा उपयोग २०२५च्या सप्टेंबरात झाला. आमचा मुलूख अवर्षणाचा, माळवद जन्मलंच कमी पावसात. त्या महिन्यात परंडा आणि भूम भागात जो पाऊस कोसळला तो म्हाताऱ्या माणसांनीही पाहिला नव्हता. सीनेला पूर आला, गावं वेढली गेली, घरांच्या छपरांवर अडकलेल्या माणसांना एनडीआरएफच्या जवानांनी बोटींतून आणि सैन्याच्या हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं. शेतातली माती खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. त्या हानीपुढे आमच्या घराची गोष्ट सांगायलाही संकोच वाटतो. आमच्याकडे ढाळजेवरचे दोन खण गळले, बाकी घर कोरडं राहिलं. गळले ते खण कागद घालायचा राहिलेले होते.

पावसापेक्षा आणि भूकंपापेक्षा जास्त वाडे पाडले ते वाटण्यांनी, हे माझं स्पष्ट मत आहे. आबांच्या नावचं घर चार मुलांचं झालं, मग नातवंडांचं. कुणी पुण्यात, कुणी लातुरात, कुणी परदेशात. दुरुस्तीला पैसे काढायचे म्हटले की सगळ्यांच्या सह्या, आणि सही म्हटली की जुनी दुखणी. बहिणींनी हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, ही तर आमच्याकडची रीतच. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क देणारे कायदे झाले, पण सही देणारी बहीण चांगली, हे काही बदललं नाही. माझ्यापुढेही कागद आला. मी म्हटलं, मला वाटा विकायचा नाही, पण सोडणारही नाही, कारण नाव गेलं की या घराबद्दल बोलायचा माझा अधिकार जाईल. घरात काही महिने अबोला झाला. नंतर धाकट्या भावानंच फोन केला, "आक्का, तू बघ घराचं. आम्ही पैशाचं बघतो." आता दर वर्षी सगळे मिळून थोडी रक्कम एका खात्यात टाकतात. घर वाचलं ते त्या खात्यामुळे.

सीनेच्याच काठी वरच्या अंगाला चोंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. तिथली शिंद्यांची गढी शासनानं दुरुस्त केली आणि दुरून माणसं ती बघायला येतात. झालं हे फार चांगलं झालं. अहिल्याबाई लहानपणी ज्या प्रकारच्या घरात वावरल्या ते घर आजच्या मुलींना बघायला मिळतं. पण ज्या घरात कुणी अहिल्याबाई जन्मली नाही, त्या घराला सरकार येणार नाही, आणि येऊही शकणार नाही. ते घरच्यांनी आणि गावानंच करायचं. आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने नावाचं गाव आहे. तिथली १९०७ साली नव्यानं उभी राहिलेली मोठी मशीद सगळी मातीची. दर वर्षी एक दिवस ठरवून सगळं गाव चिखल घेऊन लोटतं आणि मशिदीला नवा गिलावा करतं, पोरं चिखल वाहतात, बाया पाणी आणतात. जगाच्या वारशाच्या यादीत १९८८ पासून ते गाव आहे. मी त्याचे फोटो पाहिले तेव्हा मला आमच्या आळीतला मे महिना ओळखीचा वाटला.

चाचा आता नाहीत. त्यांचा नातू टाइल्स बसवायचं काम करतो, त्यात पैसा बरा आहे. मागच्या उन्हाळ्यात मी त्याला दोन दिवस मागून घेतलं. आजोबांबरोबर तो लहानपणी माळवदावर येत असे, त्यामुळे उतार कसा धरायचा हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. माती बघून त्यानं तोंडात चिमूटभर टाकली आणि म्हणाला, "खार कमी आहे, दुसरीकडची आणा." अशी माती आता सहज मिळत नाही. जुनी गढी पडली की जेसीबी लागतो आणि ढिगारा कुठल्या तरी भरावात जातो. म्हणून मी आळीतल्या दोन घरांना सांगून ठेवलं आहे की माळवद उतरवणार असाल तर माती मला द्या, ट्रॉलीचं भाडं मी देते. एकाची माती आली आहे, ती परसात ताडपत्रीखाली आहे. ढाळजेचे दोन खण या चैत्रानंतर उघडायचे आहेत. किलचण नवी लागेल, निरगुडी ओढ्याला आहे, आणि नातवानं त्याच्या मेव्हण्यालाही बरोबर आणायचं कबूल केलं आहे, त्याला हे काम शिकायचं आहे म्हणून.